हिरव्या पाण्याचा हिवाळा

थंडीने पाइप फुटतो असं मला गावाकडे कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. तेहतीस वर्षं मी आमच्या गावच्या वॉटरवर्क्समध्ये फिटर होतो. पाइप गंजून फुटतो, दाबाने फुटतो, वरून भरलेला ट्रक गेला तर फुटतो. थंडीने माणूस कुडकुडतो, पाइप कशाला फुटेल? अमेरिकेत शॉमबर्गला मुलाकडे आलो त्या पहिल्याच हिवाळ्यात मुलाने हे सांगितलं तेव्हा मी मान डोलावली, पण मनातून काही मानलं नाही. जॅमची रिकामी बाटली पाण्याने काठोकाठ भरली, झाकण गच्च लावलं आणि मागच्या पायरीवर ठेवून दिली. सकाळी बघतो तर आजूबाजूला काचा आणि मध्ये बाटलीच्याच आकाराचा बर्फ तसाच उभा.

सून म्हणाली, "बाबा, बाटली कुणी फोडली?"

म्हटलं, "मी नाही. पाण्याने."

त्या दिवसापासून या मुलखातल्या थंडीला मी मान द्यायला लागलो. माणसांना मात्र तेवढा दिला नाही, आणि त्यातूनच हे सगळं झालं.

माझी शाळा चौथीपर्यंत. मराठी वाचतो, लिहितो. इंग्रजी अक्षर ओळखत नाही, आणि ते कुणाला कळू नये म्हणून बरीच खटपट करतो. घरची गेली तेव्हा मुलगा मला इकडे घेऊन आला. इथे सगळं बटणावर चालतं, त्यामुळे माझ्या हाताला काम नाही. एकदा खालच्या बेसमेंटमधल्या संडासाची टाकी ठिबकत होती, ती मी न विचारता खोलली. तिचा कॉक माझ्या ओळखीचा नव्हता. गालिचा भिजला, दोन दिवस पंखे लावून वाळवावा लागला. मुलगा तेव्हा एवढंच म्हणाला, "बाबा, प्लीज, विचारल्याशिवाय हात लावत जाऊ नका." आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

पुढच्या उन्हाळ्यात त्याने एक जुना ट्रेलर घेतला. म्हणजे गाडीच्या मागे जोडायची खोली. आत दोन बाकं, त्यांचा रात्री पलंग होतो, छोटी मोरी, संडास, गॅस, पाणी तापवायचा बंब, आणि बाकाखाली पाण्याची टाकी. मराठी मंडळातले लोक बघायला आले. एक डॉक्टर म्हणाले, "काका, मुलाने तुम्हाला चाकावरचा बंगला घेतला की! आता गावाला कधी नेताय?" मी म्हटलं, "समुद्रात चाकं चालली की निघतोच." सगळे हसले. पण मी आत शिरलो तो थेट मोरीखाली वाकून पाइप बघायला. राखाडी प्लॅस्टिकची नळी, अंगठ्याएवढी. हा नळ म्हणायचा की सलाइनची नळी! पण आटे, सांधे, कॉक सगळं जागच्या जागी होतं. या परक्या मुलखात ओळखीचं माणूस भेटावं तसं मला झालं.

आमच्या खात्यात एक रिवाज होता. नवी जोडणी झाली की पहिला पेला फिटरने प्यायचा, घरच्यांच्या देखत. सांधा गळू नये म्हणून आम्ही सुतळी आणि सफेदा, म्हणजे पांढरा शिशाचा लेप, लावायचो, लोकांना त्याची भीती वाटायची. फिटर प्यायला की मग बायका नळाखाली घागर लावायच्या. माझे मिस्त्री म्हणायचे, "जे आपण पिणार नाही ते लोकांच्या घरात सोडायचं नाही." हे मी नातीला सांगितलं. पाच वर्षांची पोर, तिला ते भारी आवडलं. ट्रेलर कुठेही लावला की ती स्टीलचा पेला भरून माझ्याकडे यायची, "पहिला पेला आजोबांचा!" मी पिऊन मिशा पुसायचो, मग ती प्यायची. त्या उन्हाळ्यात मी पुन्हा फिटर झालो होतो.

ऑक्टोबरात मुलगा म्हणाला की आता ट्रेलरचं पाणी काढून टाकायला हवं, नाहीतर गोठून सगळी लाइन फुटेल. नुसतं काढून भागत नाही. सांध्यांत, पंपात घोटभर राहतंच. म्हणून एक गुलाबी औषध मिळतं, ते पंपाने सगळ्या नळ्यांतून खेळवायचं. ते गोठत नाही. त्याने त्याचे दोन मोठे कॅन आणून ठेवले.

"रविवारी आपण दोघं करू. मी मॅन्युअल वाचतो, तुम्ही काम करा."

"मला पुस्तक दाखवू नकोस. तू जन्मायच्या आधीपासून मी पाइप जोडतोय."

"तसं नाही हो बाबा. बेसमेंटचं आठवतं ना?"

हे म्हणाला नसता तर मी रविवारपर्यंत थांबलो असतो. तो शुक्रवारी ऑफिसला गेला, सून नातीला शाळेत सोडून पुढे कामावर गेली, आणि मी पाना घेऊन ट्रेलरमध्ये शिरलो.

सुरुवात चांगली झाली. टाकी रिकामी केली, बंबाचा प्लग खोलून त्यातलं पाणी सोडलं, प्लग पुन्हा बसवला. पंपाची नळी टाकीपासून सोडवून गुलाबी कॅनमध्ये घातली. पंप सुरू केला. थंड पाण्याच्या तोटीतून गुलाबी धार आली. गरम पाण्याची तोटी उघडली तर नुसती फुसफुस. पंप ओढतोय, कॅन उतरतोय, तोटीतून वारा. पहिला कॅन संपला, दुसरा लावला, तोही निम्म्याच्या खाली गेला, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. सगळं औषध बंब पीत होता! बंब आधी बाजूला काढायचा असतो, त्याला मागे दोन कॉक असतात, ते फिरवले की पाणी बंबात न शिरता पुढे जातं. पुस्तकात असणारच ते. मी कॉक फिरवले आणि चिडून बंबाचा प्लग पुन्हा खोलला. सगळं गुलाबी पाणी भसाभसा गवतावर गेलं. खाली बादली लावायचंसुद्धा सुचलं नाही. तेहतीस वर्षांच्या फिटरला.

कॅनमध्ये उरलं होतं तांब्याभर. मुलाला काय सांगू? गालिचा भिजवला, आता औषध सांडलं?

गॅरेजमध्ये गेलो. भिंतीशी तसलेच कॅन रांगेने होते, फक्त आतलं पाणी हिरवं. गाडीत घालतो ते मी पाहिलं होतं, थंडीत इंजिनाचं पाणी गोठू नये म्हणून. काम तेच. तरी मी आंधळेपणाने घेतलं नाही. गुलाबी कॅन शेजारी ठेवला, वरच्या मोठ्या शब्दातलं एकेक अक्षर बोटाने ताडून पाहिलं. शब्द तोच. टोपण उघडून वास घेतला. उलट हे जास्त दाट होतं, गुलाबीसारखं सरबत नव्हतं. मला वाटलं, हेच खरं औषध, ते गुलाबी म्हणजे दुकानदाराने पाणी घालून रंगवलेलं. दीड कॅन हिरवं लाइनीत घातलं. प्रत्येक तोटीतून हिरवी धार आल्यावर तोटी बंद केली. उरलेला अर्धा कॅन रांगेत मागे सरकवला, रिकामा झालेला कचऱ्यात, गवतावर नळीने भरपूर पाणी मारलं. संध्याकाळी मुलाला म्हणालो, "तुझं काम झालं. पुस्तक कपाटात ठेव."

तो आधी चपापला. मग हसला, माझ्या पाठीवर हात ठेवला. फोनवर मित्राला सांगत होता, "अरे, बाबांनी एकट्याने केलं सगळं. हो ना यार, नाहीतर आपण पुस्तक घेऊन बसतो." या घरात आल्यापासून माझं एवढं कौतुक पहिल्यांदा झालं होतं. मी दुसऱ्यांदा भात मागून घेतला.

रविवारी गॅरेजमध्ये मुलगा गाडीचं बघत होता, मी स्टुलावर बसलो होतो. नात खेळता खेळता हिरव्या कॅनपाशी गेली आणि टोपण फिरवायला लागली. मुलगा एवढ्या जोरात ओरडला की मीच दचकलो.

"नो! त्याला कधी हात लावायचा नाही. कधीच नाही. विष आहे ते."

"बट इट स्मेल्स लाइक कँडी."

"म्हणूनच! गोड लागतं. कुत्री-मांजरी चाटतात आणि मरतात. माणसाची किडनी जाते."

मी विचारलं, "आणि ते गुलाबी?" माझाच आवाज मला दुसऱ्या कुणाचा वाटला.

"ते वेगळं, बाबा. ते पिण्याच्या पाण्याच्या लाइनीसाठीच असतं, थोडं पोटात गेलं तरी काही होत नाही. हे हिरवं फक्त इंजिनसाठी."

तेव्हाच सांगायला हवं होतं. खोटं कशाला लिहू, तोंडात शब्द आला होता. पण परवाचा त्याचा हात अजून माझ्या पाठीवर होता. मी उठून घरात गेलो. आत जाताना मनात हिशेब केला की उद्याच लाइन धुऊन टाकू, कुणाला कळायचं नाही.

सोमवारी सकाळी बाहेर बघतो तर गवतावर पांढरा थर आणि बागेची नळी काठीसारखी ताठ. आठवडाभर तशीच थंडी, मग बर्फ. आणि मी अडकलो. हिरवं काढायचं तर लाइन पाण्याने धुवायला हवी. पाणी घातलं की ते गोठून लाइन फोडणार. नवं गुलाबी आणायचं तर मुलालाच सांगावं लागणार. म्हणजे एप्रिलपर्यंत ते विष त्या नळ्यांत राहणार, आणि मी ते खिडकीतून बघत राहणार.

ट्रेलर घराच्या बाजूला उभा, वर निळी ताडपत्री. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच दिसायचा. मी खुर्ची बदलली, पाठ करून बसायला लागलो, तर ताडपत्रीचा फडफड आवाज यायचा. सगळ्यांना वाटलं म्हाताऱ्याला थंडी बाधते. सून आल्याचा चहा करून द्यायची. तो गोड चहा समोर आला की मला कॅनचा वास आठवायचा, मी कप बाजूला सारायचो. नात खोकली तरी मी तिला विचारायचो, "ट्रेलरमध्ये गेली होतीस का गं?" ती म्हणायची, "आजोबा, इट्स लॉक्ड!" किल्ली कुठे टांगलेली असते ते मी दिवसातून चारदा बघून यायचो. एकदा ती किल्ली माझ्या कोटाच्या खिशात लपवली, तर मुलगा घरभर शोधायला लागला, मग परत ठेवावी लागली.

डिसेंबरात एकदा ठरवून त्याच्या समोर बसलो. म्हटलं, "ट्रेलरचं जरा बोलायचं होतं." तो म्हणाला, "बाबा, तुम्ही केलंय म्हणजे मला काही काळजीच नाही." एवढं बोलून त्याने टीव्ही लावला.  लोकांना वाटतं दरडावलं की माणसाचं तोंड बंद होतं. माझं विश्वासाने बंद झालं.

मनाची समजूत मी एकच घालत होतो. बर्फ वितळला की पहिल्याच दिवशी, सगळे बाहेर असताना, लाइन दहा वेळा धुवायची. वीस वेळा. पहिला पेला माझाच असतो. म्हणजे माझ्या आधी कुणी पिणारच नाही. या एका गोष्टीला धरून मी तो हिवाळा काढला. पण पोर लहान, रिवाज तो कितीसा तिच्या लक्षात राहणार?

मार्चच्या शेवटी एका शनिवारी एकदम ऊन पडलं. मी डोक्यावरची टोपीसुद्धा न घेता फिरायला गेलो. सोमवारी लाइन धुवायची असं पक्कं केलं होतं. वाटेत मंडळातले एक गृहस्थ भेटले, त्यांनी गुडघ्यांचं सांगितलं, मी माझ्या दाढेचं. घराच्या वळणावर आलो आणि बघतो तर ताडपत्री खाली पडलेली, ट्रेलरचं दार उघडं, आणि मुलगा बाहेरच्या बाजूला बागेची नळी जोडून पाणी सोडतोय.

मी त्या दिवशी पळालो. त्या वयात, बर्फाच्या चिखलातून. मुलगा हसत म्हणाला, "अहो बाबा, हळू! तुमच्यासाठी सरप्राइज होतं. तोट्या उघडायला पोरगी आत आहे, गुलाबी सगळं जाऊ दे म्हटलंय."

आत नात मोरीपाशी बाकावर उभी होती. तोटी चालू होती. तिच्या हातात स्टीलचा पेला, तोंडाजवळ धरलेला, आणि ती आत बघत होती.

"आजोबा! लुक, लिंबू सरबत आलं!"

मी काय केलं ते मला सलग आठवत नाही. पेला हातावर फटका मारून उडवला. भिंतीवर आपटला, हिरवं पाणी बाकावर, तिच्या फ्रॉकवर. ती रडायला लागली. मी तिचे दोन्ही खांदे धरून विचारलं, "प्यायलीस? खरं सांग. प्यायलीस?"

"नो-ओ! पहिला पेला आजोबांचा असतो ना! आय वॉज सेव्हिंग इट!"

मी खाली बसलो.  तेवढ्यात तिने नाक पुसलं आणि हळूच म्हणाली, "ओन्ली वन फिंगर, आजोबा. जस्ट टु टेस्ट."

मुलगा दारात आला होता. त्याने बाकावरचं पाणी बघितलं. रंग बघितला. माझ्याकडे बघितलं. त्याला इंग्रजी यायचं आणि मला यायचं नाही, पण त्या वेळी कुठल्याच भाषेची गरज नव्हती.

"बाबा, हे काय घातलंय तुम्ही?"

"गॅरेजमधलं," मी म्हटलं. "हिरवं. ऑक्टोबरपासून. मला माहीत होतं."

तो आत चढला. पोरीला उचललं आणि घरात पळाला. सुनेने तिचं तोंड आणि हात साबणाने धुतले, मुलाने फोन लावला, आणि पाच मिनिटांत आम्ही गाडीत होतो. मला कुणी चल म्हटलं नव्हतं. मी मागच्या सीटवर बसलो आणि कुणी उतर असंही म्हटलं नाही. पोर आईच्या मांडीवर होती. विचारत होती, "डिड आय डू बॅड?" तिला उत्तर मी द्यायला हवं होतं. सून म्हणाली, "नाही सोन्या, तू नाही." त्या 'तू नाही'मध्ये राहिलेलं वाक्य मला ऐकू आलं.

इस्पितळात एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी नातीला तपासलं, रक्त घेतलं, आणि मुलाला प्रश्न विचारायला लागल्या. मुलगा माझ्याकडे वळून मराठीत विचारायचा. किती घातलं होतं? त्यात पाणी मिसळलं होतं का? तोटी किती वेळ चालू होती? मी चौथी शिकलेला, पण त्या दिवशी मला सगळं विचारा म्हटलं. दीड कॅन. पाणी मिसळलं नव्हतं. पंपापासून मोरीच्या तोटीपर्यंत नळी अकरा फूट, अंगठ्याएवढी. म्हणजे पेल्यात आलं ते जवळजवळ नुसतं औषध.  मुलाने तेही जसंच्या तसं सांगितलं. बाईंनी माझ्याकडे बघून काहीतरी म्हटलं. मी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, खरं सांगितलंत ते बरं झालं. यांना अंदाज करत बसावा लागला नाही."

दुपारभर आम्ही त्या खोलीत बसलो. तिला झोप यायला लागली की मला वाटायचं, सुरू झालं. ती जागी झाली की तोंडाकडे बघायचो, रंग उतरलाय का. दर थोड्या वेळाने नर्स यायची, आणि मी तिच्या चेहऱ्यावरून वाचायचा प्रयत्न करायचो. इंग्रजी अक्षरापेक्षा ते अवघड. शेवटी डॉक्टरीणबाई परत आल्या. रक्त स्वच्छ होतं. एका बोटाने काही झालं नव्हतं. पेलाभर गेलं असतं तर, असं त्या पुढे म्हणाल्या असाव्यात, कारण मुलाने त्याचं भाषांतर केलं नाही.

त्याने ट्रेलरमधली सगळी नळी काढली. पंप फेकून दिला, तोट्या बदलल्या. मला बोलावलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी पाना घेऊन जाऊन उभा राहिलो. तो मॅन्युअल मांडीवर घेऊन बसला होता. जरा वेळाने वर न बघता त्याने वाचायला सुरुवात केली, मराठीत सांगत, एकेक ओळ. मी तेवढंच केलं. मध्ये एकदा म्हटलं, "पुढचं पान." बस, एवढंच बोलणं.

सुनेने गॅरेजमधल्या प्रत्येक डब्यावर, कॅनवर पांढरी पट्टी चिकटवली आणि ठळक मराठीत लिहिलं. 'विष.' 'गाडीचं ऑइल.' 'गवताचं औषध, विष.' मला राग आला. म्हटलं, "मी काय बालवाडीत आहे?"

ती म्हणाली, "नाही बाबा. पण मला झोप लागायला हवी."

 एक पट्टी मी रागाने सोलली होती. ती दुपारी परत चिकटवली, नीट बसेना म्हणून वरून थुंकी लावली.

नवी लाइन सुरू केली त्या दिवशी मी घरातून काचेचा ग्लास घेऊन गेलो. स्टीलच्या पेल्यात फिका रंग कळत नाही. तिघं उभे होते. मी तोटी कितीतरी वेळ वाहू दिली, मग भरला, प्यायलो. प्लॅस्टिकची चव होती. मिशा पुसल्या. नेहमीसारखी नात हात पुढे करेल असं वाटलं, पण तिच्या आईने तिच्या खांद्यावर हात ठेवलेला होता. बरोबर होतं तिचं.

तो ट्रेलर आमच्याकडे आणखी काही वर्षं होता. पिण्याचं पाणी सून घरून कॅन भरून न्यायची. त्या नळाचं पाणी माझ्याशिवाय कुणी प्यायलं नाही. मी मात्र दर वेळी प्यायलो. नात ग्लास भरायची, उजेडासमोर धरायची, एक डोळा मिटून बघायची. "नो कलर, आजोबा," ती म्हणायची. ती तसं म्हणेपर्यंत मी ग्लासाला हात लावत नसे.